आधी कोठडी, मग खटला

शनिशिंगणापूरच्या घरांना दारं नाहीत, हे महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. २०११ साली युको बँकेने तिथे शाखा काढली तीही बिनकुलपाची म्हणून गाजली. गावाला स्वतःचं पोलीस ठाणं मिळालं ते २०१५ मध्ये. यामागची श्रद्धा साधी आहे: इथे चोरी करणाऱ्याला शनिदेव तिथल्या तिथे शासन करतो. पंचनामा नाही, साक्षीपुरावा नाही, वकीलही नाही. या श्रद्धेशी मला वाद घालायचा नाही, उलट तिच्यात एक शहाणपण आहे. तत्काळ शिक्षा करण्याचा अधिकार गावाने देवाकडे ठेवला, कारण चोर कोण हे देवाला नक्की ठाऊक असतं असं गाव मानतं. शिंगणापूर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ज्या नेवासा तालुक्यात आहे, तिथल्या फौजदाराला, न्यायदंडाधिकाऱ्याला आणि वार्ताहराला ते नक्की ठाऊक नसतं. घाई मात्र तेवढीच असते.

ही घाई आपण कोठडीच्या रूपाने भागवतो. कायद्याच्या पुस्तकात कोठडी ही शिक्षा नाही. ती तपासापुरती आणि खटल्यापुरती केलेली तजवीज आहे. व्यवहारात तीच शिक्षा आहे, आणि पुष्कळ जणांच्या बाबतीत तेवढीच शिक्षा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे असे. चारातले तीन. आपले तुरुंग शिक्षा भोगणाऱ्यांसाठी आहेत असं समजून आपण बोलतो, ते मुळात निकालाची वाट पाहणाऱ्यांनी भरलेले आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे की या व्यवस्थेत आरोपीवर तर अन्याय होतोच, पण ज्याच्या नावाने तो होतो त्या फिर्यादीच्याही हाती काही लागत नाही. हे सोप्या उदाहरणावर सांगणं सोपं आहे. भुरट्या चोरीत अडकलेल्या पोराबद्दल कुणालाही कणव येते. म्हणून याच तालुक्यातलं सर्वांत अवघड उदाहरण घेतो.

१ जानेवारी २०१३ रोजी सोनईजवळ तीन दलित तरुणांची हत्या झाली. कारण आंतरजातीय प्रेमसंबंध. प्रेतांची जी विटंबना झाली ती पुन्हा लिहायची माझी तयारी नाही. वाचकांना आठवत असेल. साक्षीदारांवर दबाव येईल या भीतीने खटला नाशिकला हलवण्यात आला. सात आरोपी होते. जानेवारी २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली आणि एकाला निर्दोष सोडलं. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या सहांपैकी आणखी एकाला निर्दोष ठरवलं. म्हणजे अटकेच्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने ज्या सात जणांना एकाच नजरेने पाहिलं, त्यांतल्या दोघांविरुद्धचा पुरावा न्यायालयात टिकला नाही. त्यांपैकी एकाच्या गळ्याभोवती तर जवळजवळ दोन वर्षं फाशीची शिक्षा होती. उरलेल्यांचा गुन्हा भयंकर होता आणि तो सिद्ध झाला. मुद्दा असा की ते सात जण पहिल्या दिवशी एकसारखेच दिसत होते. वेगळे कोण हे कळायला पाच वर्षं, आणि मग आणखी जवळजवळ दोन वर्षं लागली.

हे अपवादाने घडलं असं म्हणावं तर शेजारच्याच जिल्ह्यातलं दुसरं प्रकरण आहे. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका बागेतल्या झोपडीवर दरोडा पडला. एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला आणि बलात्कार झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडण्यात आलं. तीन वर्षं ते कच्चे कैदी होते. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फासावर चढवण्याचा निर्णय दिला. पुढे कळलं की त्यांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सगळ्यांना निर्दोष सोडलं. का? वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधले चार वेगळेच चेहरे ओळखले होते. त्या चौघांचा तपासच झाला नाही, आणि ती माहिती न्यायालयापुढे नीट आलीच नाही. न्यायालयाने तपास करणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं, आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला. सोळा वर्षांचे पाच लाख म्हणजे दिवसाला पंच्याऐंशी रुपयांच्या आसपास.

भटके म्हटल्यावर पोलिसांची नजर आधी तिकडेच का जाते, हे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. पारध्याच्या पालावर रात्री गाडी येते ती बहुधा फिर्यादीतलं नाव पाहून येत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली गेला. 'सराईत' आणि 'रेकॉर्डवरचा' हे शब्द ठाण्यात राहिले. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत तर विमुक्त जमातींबद्दलची जुनी भाषा इतकी टिकून होती की सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी ती घटनाबाह्य ठरवावी लागली.

आता कोठडी नेमकी कशासाठी असते ते पाहू. निकालाआधी माणसाला आत ठेवायची समर्थनीय कारणं मोजकी आहेत: तो पळून जाईल, पुरावा नष्ट करील, साक्षीदारांना धमकावील किंवा पुन्हा गुन्हा करील. 'गुन्हा गंभीर आहे' हे एकटं पुरेसं कारण नाही, 'लोकांत संताप आहे' हे तर मुळीच नाही. पण तालुक्याच्या कोर्टात पहिल्या रिमांडला काय चालतं ते ज्याने पाहिलं आहे त्याला ठाऊक आहे. चोवीस तासांच्या आत आरोपी उभा केला जातो. न्यायदंडाधिकारी विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? ज्यांच्या गाडीतून तो आला आणि ज्यांच्या गाडीतून परत जाणार, ते शेजारीच उभे असताना तो मान हलवतो. मग रिमांड अर्जातली ठरलेली वाक्यं येतात: गुन्ह्यातील हत्यार जप्त करणे बाकी आहे, साथीदार निष्पन्न करणे आहे, आणखी गुन्हे उघडकीस येण्याची शक्यता आहे. नावं बदलतात, वाक्यं तीच राहतात. पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी मिळते, ती संपली की एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी. हे सगळं काही मिनिटांत उरकतं. त्यानंतरचं मात्र मिनिटांत मोजता येत नाही.

इथे कायदा आरोपीच्या बाजूने पुष्कळ बोलतो, हेही सांगायला हवं. राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदात अटकेचं कारण सांगण्याची आणि वकील देऊ देण्याची सक्ती आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उठसूट अटक करू नका, आधी नोटीस द्या, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं. अटकेची कारणं आरोपीला कळेल अशा भाषेत आणि लेखी द्या, असं नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं. निकालांची वाण नाही. वाण आहे ती ते निकाल नेवाशाच्या रिमांडच्या टेबलापर्यंत पोचण्याची. अटक बेकायदा होती असं ठरलं तरी ती करणाऱ्याचं काही बिघडत नाही. ज्याला चुकीची किंमत मोजावी लागत नाही तो सवय कशाला बदलेल?

जामीन मिळाला तरी माणूस सुटतो असं नाही. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे अधिक कळेल. भेंड्याचा ज्ञानेश्वर आणि सोनईचा मुळा हे दोन कारखाने सुरू झाले की बीड-पाथर्डीकडचे कोयते तालुक्यात उतरतात. समजा, फडावर भांडण झालं, डोकं फुटलं आणि एका तोडणीवाल्याला धरलं. गुन्हा जामीनपात्र नाही. पंधरा दिवसांनी कोर्टाने पंचवीस हजारांच्या जामिनावर सोडायचा हुकूम दिला. आता जामीनदार हवा. त्याच्या नावावर सातबारा हवा, ऐपतीचा दाखला हवा, आणि जामीनदार शक्यतो इथलाच हवा. तोडणीवाल्याच्या ओळखीचा इथला माणूस म्हणजे मुकादम. मुकादमाची उचल आधीच अंगावर आहे. तो जामीन राहिला तर पुढच्या दोन हंगामांचं गहाणखत झालं, आणि नाही राहिला तर माणूस आत राहिला. नवरा आत असला की जोडीचा कोयता मोडतो, बायको एकटी मोळ्या वाहू शकत नाही. म्हणजे दोघांचा हंगाम बुडतो आणि उचल तशीच राहते. शिक्षा झाली की नाही? झाली, आणि ती कोणत्याही कलमात लिहिलेली नव्हती.

जमिनीचा उतारा हा निर्दोषत्वाचा पुरावा कधीपासून झाला? हा प्रश्न नवा नाही. १९७८ साली मध्य प्रदेशातला एक गवंडी सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता, आणि भावाने देऊ केलेला जामीन नाकारला होता, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या प्रकारावर चांगलेच कोरडे ओढले. त्याला पंचेचाळीस वर्षं होत आल्यावर, ३१ जानेवारी २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा तेच सांगावं लागलं: जामिनाचा आदेश होऊनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधिकाऱ्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, महिनाभरात सुटला नाही तर न्यायालयाने अटी सैल कराव्यात, स्थानिकच जामीनदार हवा असा हट्ट धरू नये. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागते तेव्हा पहिल्यांदा ती कुणी ऐकली नव्हती असाच अर्थ होतो.

२०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतलं ४७९ वं कलम ही चांगली सुधारणा आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं. इतरांसाठी मर्यादा अर्ध्या काळाची. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळलेले आहेत. पण त्याच कलमात पुढे एक पाचर आहे: एकापेक्षा जास्त गुन्ह्यांचा तपास किंवा खटला चालू असेल तर ही सवलत नाही. ज्याच्या नावावर पोलीस एकामागून एक न उकललेले गुन्हे टाकतात तो माणूस कोण असतो? पुन्हा तो पालावरचाच. ज्याला या कलमाची गरज सर्वांत जास्त, तोच तेवढा बाहेर राहिला. नव्या संहितेने पोलीस कोठडीचे पंधरा दिवस सलग न घेता तुकड्यातुकड्याने, चाळीस किंवा साठ दिवसांत कधीही, मागायची मुभाही दिली आहे. हातात जामीन पडेपर्यंत पोलीस कोठडीची टांगती तलवार राहते ती यामुळे.

आणि हे कच्चे कैदी राहतात कुठे? जिल्ह्यात कर्जत, राहुरी, संगमनेर, नेवासा अशी तालुक्याच्या गावची दुय्यम कारागृहं आहेत. कारभार तहसीलदाराकडे, पहारा पोलिसांचा. तहसीलदाराला टंचाई, पीककर्ज, निवडणूक आणि मोर्चे यांच्यामधून जो वेळ उरेल तो तुरुंगासाठी. २०२० मध्ये कर्जतहून, २०२१ मध्ये राहुरीहून, २०२३ मध्ये संगमनेरहून कैदी पळाले. दर वेळी चर्चा झाली ती गजांच्या जाडीची. त्या खोल्यांत क्षमतेपेक्षा जास्त माणसं इतके महिने काय करत होती, हे कुणी विचारलं नाही. कच्च्या कैद्याला मतदानही करता येत नाही. निवडणूक मात्र लढवता येते. २०१३ साली संसदेने तशी दुरुस्तीच करून घेतली. तुरुंगातून आमदार होता येतं, तुरुंगातून मतदार होता येत नाही. कायदा करताना कोणाचा विचार झाला होता ते यावरून दिसतं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, तुम्हाला आरोपींचा फार कळवळा आहे, सोनईच्या त्या तीन आयांचं काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून या विषयावर बोलण्यात प्रामाणिकपणा नाही. गावात बलदंड जात, कारखाना, सोसायटी, पंचायत सगळं एका बाजूला आणि तक्रारदार दुसऱ्या बाजूला, अशा ठिकाणी आरोपी दुसऱ्या दिवशी पारावर येऊन बसला तर साक्ष कोण देईल? अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या अठराव्या कलमाने अटकपूर्व जामीन नाकारला तो याच अनुभवातून, आणि त्या कलमाला माझा विरोध नाही. साक्षीदाराला धमकी हे कोठडीचं खरं कारण आहे. ते असेल तिथे सांगावं, लिहावं, आणि आरोपी कितीही मोठा असला तरी त्याला आत ठेवावं.

पण याच जिल्ह्यातलं खर्ड्याचं प्रकरण पाहा. २०१४ च्या एप्रिलमध्ये जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. आरोपी पकडले गेले, मंत्री येऊन गेले, आश्वासनं झाली, राज्यभर मोर्चे निघाले. अटक झाली तेव्हा सरकारला वाटलं काम झालं. नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले, कारण महत्त्वाचे साक्षीदार एकेक करून फितूर झाले. साडेतीन वर्षांत त्या साक्षीदारांना कुणी संरक्षण दिलं, त्यांचे जबाब वेळेत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नोंदवले का, खटला रोजच्या रोज चालवला का, या प्रश्नांपेक्षा अटकेचा फोटो जास्त महत्त्वाचा ठरला होता. अटक ही त्या कुटुंबाला दिलेली पावती होती. माल पोचलाच नाही. सोनईत निकाल लागला तो आरोपी आत होते एवढ्याने लागला नाही. खटला दबावापासून दूर नेला गेला आणि तो नेटाने चालवला गेला म्हणून लागला. पीडिताला हवं असतं ते हेच. त्याऐवजी त्याच्या हाती आपण आरोपीचे कोठडीतले दिवस ठेवतो, कारण ते स्वस्त आहेत. साक्षीदाराला संरक्षण द्यायला माणसं लागतात, जलद खटल्याला न्यायाधीश लागतात, न्यायवैद्यक अहवालाला प्रयोगशाळा लागते. कोठडीला एक सही लागते.

या सहीमागे आपणही असतो. 'नराधम जेरबंद', 'मुसक्या आवळल्या' हे मथळे अटकेच्या दुसऱ्या दिवशीचे असतात. निर्दोष सुटल्याची बातमी, आलीच तर, आतल्या पानावर एका परिच्छेदाची. पोलीस आरोपींची भरबाजारातून धिंड काढतात आणि लोक मोबाइलवर चित्रण करून ते पुढे धाडतात. धिंड ही कोणत्या कलमाखालची शिक्षा आहे, असं एकदा एका हाडाच्या कार्यकर्त्याला विचारलं तर तो म्हणाला, लोकांना बरं वाटतं. मोठा गुन्हा घडला की ठिकठिकाणचे वकील संघ आरोपीचं वकीलपत्र न घेण्याचे ठराव करतात. असे ठराव वकिली पेशाच्या विरुद्ध आणि रद्दबातल आहेत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केलं आहे. कसाबलाही वकील दिला गेला, आणि त्यामुळे त्याची फाशी जगापुढे अधिक भक्कम ठरली. वकिलाशिवाय मिळालेली शिक्षा वरच्या कोर्टात कोसळते, आणि तेव्हा सर्वांत जास्त रडायची पाळी फिर्यादीवर येते.

जिल्ह्याच्या गावी भुईकोट किल्ला आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आणि इतर पुढारी तिथे आणले गेले. त्यांच्यावर खटला चालला नाही. दोषारोप नाही, तारीख नाही, सुटकेची मुदत नाही. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथेच लिहिलं, हे आपण पर्यटकांना अभिमानाने सांगतो. ज्यावर अभिमानाने बोलता येत नाही ती गोष्ट अशी की हेच लोक राज्यावर आल्यावर विनाखटला स्थानबद्धतेची तरतूद राज्यघटनेत आली, आणि १९५० च्या फेब्रुवारीत, घटना लागू होऊन महिना पुरा झाला नव्हता तोच, प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा संसदेत आणला तो वल्लभभाई पटेलांनीच. किल्ल्यातली जवळजवळ तीन वर्षं भोगलेल्या माणसाने. आंबेडकरांनी अटकेबाबतच्या हमीचा अनुच्छेद घटना समितीत मांडला तेव्हा, व्यक्तिस्वातंत्र्याला आधी जे संरक्षण नाकारलं गेलं त्याची ही काहीशी भरपाई आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्याच अनुच्छेदात स्थानबद्धतेची वाटही आहे. आज महाराष्ट्रात १९८१ च्या एमपीडीए या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली माणसाला वर्षभर विनाखटला ठेवता येतं, आणि 'सराईत गुंड स्थानबद्ध' ही बातमी आपण निर्धास्तपणे वाचतो, कारण त्यातलं नाव आपल्या ओळखीचं नसतं.

हे कुठून बदलेल? दिल्लीहून बदलायची वाट पाहायची तर विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिलेला २७७ वा अहवाल पाहावा. चुकीच्या खटल्यात अडकलेल्यांना भरपाई मिळावी म्हणून कायदा करा, असं त्याने सुचवलं. कायदा झालेला नाही. १९७९ मध्ये भारताने नागरी हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारताना बेकायदा अटकेच्या भरपाईचं कलम तेवढं बाजूला ठेवलं, तेही तसंच आहे. नाशिकच्या त्या सहा जणांना मिळालेले पाच लाख कायद्याने मिळाले नाहीत, न्यायमूर्तींच्या मनात आलं म्हणून मिळाले. त्याच पद्धतीने सुटलेल्या बाकीच्यांना काय मिळालं? मालेगावच्या २००६ च्या बॉम्बस्फोटात पकडलेल्या नऊ जणांपैकी सात जण पाच वर्षं आत राहून २०११ मध्ये जामिनावर सुटले, २०१६ मध्ये त्यांच्यावरचा आरोपच काढून टाकला गेला.

नेवाशाच्या कोर्टाला मात्र नव्या कायद्याची गरज नाही. पहिल्या रिमांडला एकच प्रश्न विचारून त्याचं उत्तर आदेशात लिहायचं: हा माणूस बाहेर राहिला तर नेमकं काय बिघडेल? उत्तरात 'तपास बाकी आहे' एवढंच आलं तर ते उत्तर धरायचं नाही. पोलिसांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, आला नाही म्हणून जामीन अर्जाला तारीख द्यायची नाही. तोडणीवाल्याकडे सातबारा मागायच्या आधी त्याचा जातमुचलका का चालत नाही ते लिहायचं. विधी सेवा समितीचा वकील आरोपीला कोर्टाच्या दारात भेटतो तो आदल्या दिवशी ठाण्यात भेटला पाहिजे. आणि जिथे साक्षीदाराला खरंच धोका आहे तिथे, बिनदिक्कत, जामीन नाकारायचा आणि त्याच आदेशात खटल्याची पहिली तारीख टाकायची.